बादलीत न आलेले मासे

त्या वर्षी तळ्याने पायऱ्या उघड्या टाकायला सुरुवात केली तेव्हा उन्हाळा अजून नीट लागलाही नव्हता. पायऱ्या एकूण अकरा. एरवी उन्हाळ्याच्या अखेरीला सातवी दिसायची. या खेपेला सातवीवरचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते, आठवी कोरडी ठणठणीत पडली होती आणि नववीवर बसून पाणकावळा आपला गुडघा चोळत होता.

पाणकावळा म्हणजे पक्षी नव्हे, माणूस. चाळीस वर्षं पाण्यात उभं राहून त्याची मान लांब झाली असं लोक म्हणायचे. ते खोटं होतं, मान जन्मापासूनच तशी होती. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. तोंडावर बहुतेक जण त्याला काका म्हणत आणि पाठ वळली की पाणकावळा. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं.

तळं बारा घरांच्या वाट्याचं होतं. त्यात चार हजार मासे सोडलेले होते. जाळं टाकणं आणि माशांना खाणं घालणं ही दोन कामं पाणकावळ्याकडे होती. खाणं तळ्याच्या चारही अंगांनी फिरून घालायचं असा नेम होता. पण थंडीत त्याचा गुडघा धरला. डोक्यावर पोतं घेऊन अख्ख्या बांधावरून चक्कर मारणं जिवावर यायला लागलं, तेव्हा तो पायऱ्यांजवळच पोतं रिकामं करून घरी जायला लागला. एक दिवस, दोन दिवस, करता करता चार महिने. कुणी बघत नव्हतं. मासे तक्रार करत नाहीत.

पाणी असं हटत गेल्यावर बारा घरांची बैठक बसली. प्रश्न सरळ होता. महिन्याभरात तळ्याचा चिखल होणार, त्याआधी मासे काढायचे. बर्फाची गाडी घेऊन येणारा व्यापारी अर्ध्या किलोच्या खालचा मासा उचलत नव्हता. मासे सगळे मोठे असतील तर पाटाचं दार उघडून तळं उपसायचं आणि एका दिवसात काम संपवायचं. त्यांत बारके बरेच असतील तर मात्र मोठ्या भोकांचं जाळं ओढून फक्त मोठे काढायचे आणि बारके बादल्यांनी वरच्या तळ्यात नेऊन सोडायचे. वरच्या तळ्याला झरा होता, ते आटत नसे. पण ते काम आठवड्याचं, बारा घरांतल्या झाडून सगळ्या माणसांचं.

"मोजून बघायला हवं," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे त्या बारा घरांनी निवडलेला माणूस, आवाज मोठा म्हणून निवडलेला.

"चार हजार मासे कोण मोजणार?" टोपल्यानं विचारलं. तो टोपल्या विणायचा आणि जिभेलाही तसेच काठ ठेवायचा, टोचणारे.

तेव्हा पाणकावळ्याची सून उभी राहिली. मागच्या वर्षी मोजणीवाल्या बाई आल्या होत्या, त्यांनी आठ दिवस शिकवलं. शिकायला बसले होते अकरा जण. शेवटच्या दिवसापर्यंत टिकली ती ही एकटी. तेव्हापासून तळ्याची वही तिच्याकडे होती. नवरा दूर रस्त्याच्या कामावर, घरी सासू-सासरे, आणि ही वही. वहीला तिनं जुन्या पिशवीचं कव्हर घातलं होतं.

"सगळे मोजायचे नाहीत," ती म्हणाली. "तीस मोजायचे. पण ते कसेही हाताला आलेले तीस. निवडलेले नकोत. मग सरासरी काय असेल ते सांगता येतं. नेमका आकडा नाही सांगता येत, पण अमुकपासून तमुकपर्यंत असा पट्टा सांगता येतो. असं शंभर वेळा मोजलं, तर पंच्याण्णव वेळा खरी सरासरी आपल्या पट्ट्यात असते."

"आणि राहिलेल्या पाच वेळा?" टोपल्यानं विचारलं.

"पाच वेळा आपण तोंडघशी पडतो," ती म्हणाली, आणि लोक हसले. तिच्या बोलण्यावर माणसं चांगल्या मनानं हसली असं पहिल्यांदाच घडलं होतं. पाणकावळ्याला त्या वेळी कोण अभिमान वाटला. हे नंतर आठवलं की त्याला जास्तच त्रास व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यात उतरला. सून काठावर, गळ्यात वही, हातात ताणकाटा, पेन्सिल केसांत खोचलेली. अध्यक्ष, टोपल्या आणि आणखी चार-पाच जण बांधावर बसले होते, काम नसलेल्या माणसांच्या थाटात.

"मामंजी, सहा जागा," ती म्हणाली. "प्रत्येक जागेचे पहिले पाच. जाळ्यात हात घालायचा, जो लागेल तो बादलीत. मोठा असो, बारका असो."

"मला जाळं शिकवते होय ग?"

"जाळं नाही. मोजणी."

पाणी कमरेच्या खालीच होतं. पायाखाली चिखल गरम लागत होता. त्याने जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली, एक कड दातात धरली, अंग मागे पिळलं आणि जाळं फेकलं. जाळं उघडून गोल पडलं. चाळीस वर्षांत या एका कामानं त्याला कधी दगा दिला नव्हता. शिशाच्या गोळ्या तळाला टेकल्या, त्याने दोरी ओढली, जाळं गोळा करून पोटाशी धरलं. काठाकडे त्याची पाठ होती. जाळ्यात हात घालून तो एकेक मासा काढायचा आणि कडेला तरंगणाऱ्या बादलीत टाकायचा. पाच झाले की बादली काठाकडे ढकलायचा. सून मासा तोलून आकडा मोठ्यानं म्हणायची, लिहायची.

"आठशे चाळीस. सातशे नव्वद. नऊशे दहा."

"वा रे काका," बांधावरून कुणीतरी म्हणालं.

पहिल्या तीन जागा झाल्या. चौथ्या जागी जाळ्यातून मासा काढता काढता त्याचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं. हातात एक बारका मासा होता आणि हात तो बादलीकडे नव्हे, पाण्याकडे नेत होता.

तो दहा वर्षांचा असताना बापानं त्याला शिकवलं होतं. मासा कोपरापासून मनगटापर्यंत ठेवायचा. तेवढा भरला नाही तर पाण्यात परत. तेव्हापासून हाताला डोक्याची गरजच उरली नव्हती. बोटांना मासा लागला की बोटांना कळायचं, आणि बारका असेल तर तो पाण्यात गेल्यावरच पाणकावळ्याला समजायचं, कधी तेही नाही. आता त्याला आठवलं. मागच्या तीन जागी काठाकडे पाठ करून त्याने दोन-दोन सोडले होते. हाताला ते नीट आठवत होते.

तो मासा मुठीत धरून क्षणभर उभा राहिला. मासा लांबुडका, डोकं मोठं आणि अंग चपटं. भुकेल्या माशाचं असतं तसं. त्याला एकदम कळलं की हा मासा तळ्याच्या पलीकडच्या अंगाचा आहे, जिथे चार महिने खाणं पडलं नाही. पायऱ्यांजवळचे दांडगे मासे याला जवळ येऊ देत नसतील.

"पाणकावळ्या, काय हातात?" टोपल्यानं बांधावरून विचारलं. "मासा आहे की उंदीर?"

लोक हसले. सुनेनं मान वर केली. "चार झाले मामंजी, अजून एक."

हा काठावर गेला तर लोक विचारणार, असे बारके का? मग कुणीतरी म्हणणार, खाणं कोण घालतो? पाणकावळ्याने मूठ पाण्याखाली नेली आणि उघडली. मासा निघून गेला. मग त्याने जाळ्यात पुन्हा हात घातला आणि मोठा लागेपर्यंत चाचपत राहिला.

पुढे आणखी पाच बारके सोडले. ते हातानं सोडले नाहीत.

दुपारभर सून उंबऱ्यात बसून आकडेमोड करत होती. मोजणीवाल्या बाईंनी दिलेला कागद तिनं दगडाखाली दाबून ठेवला होता. तीस वजनांची बेरीज, भागाकार, मग प्रत्येक मासा सरासरीपासून किती लांब पडतो ते. पाणकावळा ओसरीत आडवा झाला होता, डोळे मिटून. झोप लागली नव्हती. पेन्सिलीचा आवाज ऐकत होता.

"मामंजी, जागे आहात?" तिनं हाक मारली. आवाजात आनंद मावत नव्हता. "सरासरी आठशे दहा. आणि पट्टा केवढा, माहीत आहे? वर पस्तीस, खाली पस्तीस. पावणेआठशे ते आठशे पंचेचाळीस. इतका अरुंद पट्टा बाईंचासुद्धा आला नव्हता."

"अरुंद म्हणजे चांगला?"

"म्हणजे मासे सगळे सारखे आहेत. एक फार मोठा, एक फार बारका असं नाही. वजनं एकमेकांजवळ असली की पट्टा आपोआप अरुंद होतो, आणि आपल्याला छातीठोक बोलता येतं. अर्ध्या किलोच्या खाली एखाद-दुसरा निघेल, बस." ती थांबली. "तुम्ही खाणं नीट घातलंत म्हणून."

त्याने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. सांगायची वेळ तीच होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, वही उघडी होती, खोडरबर तिच्या हातात होतं. त्याने मनाशी वाक्य जुळवलंही. तेवढ्यात ती वही मिटून अध्यक्षांकडे निघून गेली, आणि त्याला चक्क बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

संध्याकाळच्या बैठकीत ती उभी राहून बोलली. तळं उपसा, म्हणाली. दोघा-तिघांनी शंका काढल्या, तिनं वही दाखवली. अध्यक्ष शेवटी म्हणाले, "पोरगी शिकलेली आहे. तिच्या शब्दावर उपसू." आठवड्याचं काम टळलं म्हणून सगळे खूश होते. पाणकावळा मागे खांबाला टेकून बसला होता. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाटाचं दार उघडलं तेव्हा पहाट सरली होती. दुपारपर्यंत तळ्याच्या मध्यात गुडघाभर पाणी उरलं आणि त्यात चार हजार मासे एकमेकांच्या अंगावर उसळत होते. माणसं चिखलात ओळीनं उतरली. ओढजाळं दोन्ही टोकांना धरून आठ जण ओढत होते, मध्ये पाणकावळा, चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतलेला. बायका टोपल्या भरून काठावर ओतत होत्या. बर्फाच्या गाडीवरची दोन माणसं निवडायला बसली. मोठा डावीकडे, बारका उजवीकडे.

पहिल्या तासात उजवीकडे ढीग झाला. दुसऱ्या तासात तो डावीकडच्या ढिगाशी बरोबरी करायला लागला. सून काठावर उभी होती. तिनं आधी मोठे-बारके दोन्ही मोजायला सुरुवात केली, मग मोजणं थांबवलं. ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

संध्याकाळी काट्यावर आकडा आला. चार हजार माशांचं वजन दोन हजार पाचशे साठ किलो. सरासरी सहाशे चाळीस. दर तीन माशांत एकाहून जास्त अर्ध्या किलोच्या आत. गाडीवाल्यानं चौदाशेवर मासे उजव्या ढिगात सोडले आणि दार लावून निघून गेला. त्यांना परत सोडायला खाली तळं उरलं नव्हतं आणि वर न्यायला त्यांच्यात जीव उरला नव्हता.

"सहाशे चाळीस," टोपल्या म्हणाला. "पट्टा कितीचा होता? पावणेआठशेच्या खाली जाणारच नव्हता ना?"

अध्यक्षांनी सुनेपुढे हात केला. तिला आधी कळलं नाही. मग तिनं गळ्यातली वही काढून त्यांच्या हातात दिली. अध्यक्षांनी ती आपल्या पुतण्याकडे दिली. त्याला रकानेही सरळ आखता येत नव्हते.

बारा घरांनी नेता येतील तेवढे मासे नेले. उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी खड्डा खणावा लागला. पाणकावळा कुणी न सांगता कुदळ घेऊन गेला. छातीएवढा खड्डा त्याने जवळजवळ एकट्यानं खणला, गुडघा ठणकत असताना. मासे ओतले, वर चुना टाकला. खांद्याला, केसांना वास बसला. घरी आल्यावर म्हातारीनं पाण्याचा हंडा बाहेरच आणून ठेवला.

"अहो, एवढं एकट्यानं कशाला करत बसलात?" ती म्हणाली. "चूक तिची, आणि मरमर तुमची."

आत चुलीपाशी सून होती. तिनं ऐकलं. पाणकावळा तोंडावर पाणी मारत राहिला.

मग चेष्टा सुरू झाली. गावाला हसायला काहीतरी हवंच असतं आणि ते आयतं मिळालं होतं. नळावर बायका विचारायच्या, "वहीवाले, हंडा भरला का? पंच्याण्णव टक्के?" टोपल्या चहाच्या टपरीवर चहात बोट घालून म्हणायचा, गरम असेल, पुढून पस्तीस, मागून पस्तीस. सून नळावर सगळ्यांच्या शेवटी जायला लागली.

घरी ती चुकीच्या शोधात होती. तीस वजनं तिला पाठ होती. रद्दी कागदांवर ती पुन्हापुन्हा तीच बेरीज करायची, खोडायची, कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची. "भागाकार बरोबर आहे," ती स्वतःशी म्हणायची. "वर्गमूळ बरोबर आहे. शंभरात पाच वेळा चुकतं म्हणाल्या होत्या बाई. पण चुकलं तरी काठाशी चुकतं. एवढं लांब कसं जाईल?"

एका दुपारी पाणकावळा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. ती समोर येऊन उभी राहिली.

"मामंजी, एक विचारू? प्रत्येक जागी पहिले पाचच घेतलेत ना? हाताला लागले ते?"

"मग काय," तो म्हणाला. "तुझ्यासमोरच तर होतो."

ती मान हलवून आत गेली. त्याने गाठ मारली ती चुकीची बसली. सोडवून पुन्हा मारली, पुन्हा चुकली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. खोटं बोलायला त्याला ना जड गेलं, ना वेळ लागला, आणि याचीच त्याला भीती वाटली.

चार दिवसांनी तिनं बाईंचा कागद चुलीत घालायला काढला. फार काही न बोलता, केर काढताना इतर कचऱ्यासोबत. पाणकावळ्याने उठून तो तिच्या हातातून घेतला.

"जाळू नको," तो म्हणाला. "हिशेब चुकला नाही तुझा."

तिनं केरसुणी खाली ठेवली.

"मी बारके सोडत होतो. बादलीत नाही टाकले. पाण्यात सोडत होतो. हाताची सवय ग. बापानं लावलेली. मला... कळलंच नाही."

एवढं सांगितलं आणि निम्मं पोटात ठेवलं.

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. त्याने त्याची तयारी केली होती. पण ती खाली बसली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "किती सोडले?"

"आता काय सांगू? असतील आठ. असतील पंधरा. कोण मोजतो?"

"केवढे होते?"

"पाव किलोच्या वरचे. साडेचारशेपर्यंत."

तिनं केसांतली पेन्सिल काढली. "आठ आणि पंधराच्या मधले बारा धरू. वजन साडेतीनशे धरू." ती लिहायला लागली. पाणकावळ्याने कागदावरच्या आकड्याकडे पाहिलं. बारा. तिनं कुठून आणले बारा? तो तिच्या समोरून उठला नाही, उठता आलं नसतं. ती बेरीज करत होती, ओठ हलत होते.

"सरासरी सहाशे ऐंशीच्या आत," ती म्हणाली. "आणि पट्टा... थांबा." बराच वेळ गेला. "वर सत्तर, खाली सत्तर. दुप्पट झाला, बघा. सहाशे दहा ते साडेसातशे." तिनं मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. "सहाशे चाळीस यात आहे मामंजी. आहे यात. पट्टा रुंद आला असता तर मी उपसा म्हणालेच नसते. म्हटलं असतं, बारके आहेत, वर न्या."

"हो," तो म्हणाला.

"सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगीन."

वरच्या तळ्याची मोजणी त्याच आठवड्यात होती. तिथे लहान मासे होते आणि बारा घरांची सगळी आशा आता तिथेच होती. पुतण्या वही उलटी धरून काठावर उभा होता. सून मागे, बायकांच्याही मागे. पाणकावळा जाळं घेऊन काठावर आला, पण पाण्यात उतरला नाही.

"आधी एक ऐका," तो म्हणाला. आणि त्याने हाताचं सांगितलं. कोपरापासून मनगटापर्यंतचं माप दाखवलं, बाप कसा मारायचा ते सांगितलं, काठाकडे पाठ होती ते सांगितलं. "हिशेब सुनेचा बरोबर होता. मासेच तिच्यापर्यंत पोचले नाहीत."

लोक हसले. चांगल्या मनानं हसले. "घ्या," टोपल्या म्हणाला, "पाणकावळा मासे गिळायचे सोडून पोसायला लागला." एक म्हातारी म्हणाली, मन मऊ आहे बिचाऱ्याचं. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला.

"झालं गेलं काका. सवयीला माणूस काय करणार? आता नीट टाका म्हणजे झालं. वही राहू दे पुतण्याकडेच. परत कशाला बदलाबदली?"

पाणकावळ्याने सुनेकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं एवढ्यानं भागेल. सगळ्यांनी त्याला माफ करून टाकलं होतं, आणि तिच्याकडे कुणी मान वळवूनही बघितलं नव्हतं. तिचे हात रिकामे होते. ती पुढे आली, पण वहीसाठी नाही.

"मामंजींना बोल लावू नका," ती म्हणाली. "त्यांना कळलंच नव्हतं."

तिचं ते सांभाळून घेणं त्याला सहन झालं नाही. खड्डा खणताना झाला नव्हता एवढा त्रास त्याला त्या एका वाक्यानं झाला. जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती, ती त्याने सोडवली.

"बारा होते," तो म्हणाला.

"काय?" अध्यक्ष म्हणाले.

"बारके. आठ नाही, पंधरा नाही. बारा. सहा हातानं सोडले. सहा मी सोडले. चौथ्या जागी कळलं मला. मूठ भरलेली होती. वर आणला असता तर तुम्ही विचारलं असतं, बारका का राहिला. थंडीपासून मी खाणं पायऱ्यांवरच ओतत होतो. चक्कर मारत नव्हतो. पलीकडचे मासे उपाशी होते. ते दिसू नये म्हणून सोडले. त्या दिवशी ही घरी विचारत होती, पहिले पाचच घेतले ना. मी हो म्हणालो."

या वेळी कुणी हसलं नाही. टोपल्यानं खाली बघून पायानं एक ढेकूळ फोडलं. ज्या म्हातारीला त्याचं मन मऊ वाटलं होतं, तिनं तोंड फिरवलं. अध्यक्षांचा हात त्याच्या खांद्यावरून कधी निघाला ते त्याला कळलं नाही, पण निघाला होता.

सून हलली नाही. तिचा चेहरा त्याला वाचता येईना. अंगणात रद्दी कागदाला भोकं पाडत बसलेली ती त्याच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्याही आली असावी. मग ती पुतण्यापाशी गेली. तिनं हात पुढे केला. पुतण्यानं अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्ष तळ्याकडे बघत राहिले. वही तिच्या हातात आली.

तिनं वही काठावर एका बाईच्या हाती दिली, पेन्सिलही दिली. "मी आकडा सांगेन तो लिही. रकाना चुकवू नको." मग चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ताणकाटा घेऊन ती पाण्यात उतरली. पाणी थंड होतं, तिनं दात आवळले. पाणकावळाही जाळं घेऊन पाण्यात उतरला, तेव्हा ती त्याच्या शेजारी येऊन, हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

"मामंजी, तुम्ही जाळं टाका," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. "मासे मी काढेन."

त्याने दोरी मनगटाला गुंडाळली, कड दातात धरली, अंग मागे पिळलं. जाळं गोल पडलं. त्याने ते ओढून आणलं, तिच्यापुढे उघडं धरलं. तिनं आत हात घातला, पहिला लागला तो काढला. बोटभर रुंदीचा, चपटा, मोठ्या डोक्याचा. पाणकावळ्याची बोटं आपोआप पुढे गेली. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याने दोरी दातांत धरली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"साठ ग्रॅम," ती काठाकडे वळून मोठ्यानं म्हणाली. "लिही. साठ."